पोका-योकेच्या मुलखात

लोक प्रवासाला जातात आणि येताना साडी आणतात, चिक्की आणतात, गेलाबाजार देवाचा अंगारा तरी आणतात. मी गेल्या महिन्यात चिपळूणहून पिंपरी-चिंचवडला जाऊन आले आणि येताना एक जपानी शब्द घेऊन आले. तो घरात कुठे ठेवावा ते कळत नाही, म्हणून तुमच्यापुढे ठेवते आहे.

मी आमच्या इथल्या एका साप्ताहिकात मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा माझा धंदा, आणि माझ्या बहिणीच्या मते माझा स्वभावही. शिवाय कुठलाही शब्द दिसला की तो कुठून आला हे उकरत बसायची खोड आहे. त्यावर मी कधीमधी एक छोटं सदर लिहिते. चार लोक वाचतात, त्यांतले दोन चुका कळवतात.

निखिल हा माझ्या धाकट्या बहिणीचा, मंदाचा मुलगा. डिप्लोमा करून चाकणच्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून लागला. गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढणारा कारखाना. तिथल्या प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मंदाला दमा आहे, घाटातला प्रवास तिला सोसत नाही. म्हणून पिशवी भरून मी निघाले. निघण्याआधी निखिल फोनवर म्हणाला, "मावशी, कंपनीवाले म्हणतात मशिनला पोका-योके आहे. म्हणजे मशिनची चूक होऊच शकत नाही. म्हणजे चूक माझी."

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो असा.

सुट्टी मागायला गेले तर संपादकांना बोटांपेक्षा शब्दात जास्त रस. "अहो, माझी भाची गौरी तिकडेच असते. जपानी दुभाषी आहे. तिला भेटा, यावर फर्मास सदर होईल." घराला आग लागली तरी संपादकाला त्यात मजकूर दिसतो. तरी नंबर मी घेतला.

थेरगाव

डांगे चौकापासून आत, गल्लीत गल्ली अशी निखिलची खोली. खाली पंक्चरचं दुकान, त्यावर तीन मजले आणि प्रत्येक मजल्यावर रांगेने खोल्या. दारांबाहेर सेफ्टी शूज वाळत घातलेले. आमच्याकडे अंगणात सुपाऱ्या वाळतात, इथे बूट.

घरमालकीण काकू जिन्यातच बसलेल्या होत्या. मूळच्या थेरगावच्या. मी कोकणातून आले म्हटल्यावर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "पोराची मावशी व्हय? या, बसा. लई गुणाचं पोरगं हाय वो. वाईट झालं."

मी विचारलं, हे सगळं तुमचंच का?

"आमचंच की. हितं ज्वारी व्हती आमची. आता खोल्या पिकत्यात," त्या म्हणाल्या. "ज्वारी औंदा आली न्हाई तर न्हाई म्हनायचं. खोल्यांचं तसं न्हाई. एक पोरगं गेलं की दुसरं येतंय."

त्यांनी संध्याकाळी भाकरी आणि झणझणीत डाळकांदा वर पाठवला. नारळाचा कीसही नाही, पण जीभ जागी झाली. निखिल डाव्या हाताने भाकरी मोडायचा प्रयत्न करत होता. भाकरी एका हाताने मोडत नाही. मी मोडून द्यायला गेले तर म्हणाला, "राहू दे, सवय करायला हवी." मग मी भांडी घासायच्या निमित्ताने मोरीत गेले आणि नळ मोठा सोडला.

निखिलच्या खोलीत सलीम राहतो. लातूरकडचा, त्याच लाईनवर त्याच्याहून दोन वर्षं जुना. सगळे त्याला सलीमभाई म्हणतात. दवाखान्यात पहिल्या दिवसापासून हाच बसून होता, निखिलचे कपडेही हाच धुतो. माझ्याकडे मात्र तो बघत नव्हता. शेवटी मीच विचारलं, "सलीम, मला एक समजावून सांग. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय ते मशिन खाली येत नाही म्हणतात. मग हात आत गेला कसा?"

त्याने निखिलकडे पाहिलं. निखिल म्हणाला, "सांग. मावशी कुणाला सांगणार?"

सलीमने उशाखालून लाकडाचा एक तुकडा काढून माझ्या हातात दिला. बोटाएवढी पाचर, एका बाजूने निमुळती, घासून घासून गुळगुळीत झालेली.

"बटनाच्या भवती लोखंडी कडं असतंय, मावशी. कड्यात अन् बटनात ही बसवली की बटन दाबलेलंच ऱ्हातंय," तो म्हणाला. "मग एका हातानं बटन, एका हातानं माल. दोन्ही हातानं करत बसलं तर टार्गेट निघतच नाही. सगळेच लावायलेत. साहेबाला माहीत हाय, साहेबाच्या साहेबाला माहीत हाय. पाव्हणे येनार असले की आदल्या पाळीलाच सांगतेत, पाचरी काढून ठेवा रे. गेले की परत लावा म्हनतेत."

"ही निखिलची?"

"नाही, माझी. त्याची त्या दिवशी साहेबानं काढून नेली." सलीमने पाचर माझ्या हातातून परत घेतली. "त्याची म्याच करून देली होती."

मग कळलं की लाईनवर ही एक रीतच आहे. नवा मुलगा आला की जुना त्याला माल ठेवायच्या पॅलेटच्या लाकडाची पाचर तासून देतो, वर एक पेढा. चहाच्या सुट्टीत सगळे टाळ्या वाजवतात. पाचर मिळाली की तू आमच्यातला. सलीमला त्याच्या सीनियरने दिली, त्याला त्याच्या सीनियरने. आमच्याकडे नव्या सुनेच्या हातात पळी देतात, तसंच. देणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं.

मला सलीमचा राग यायला हवा होता. आला नाही. राग यायला तो समोर फार बारीक होऊन बसला होता.

संत तुकाराम नगर

ड्रेसिंगसाठी निखिलला घेऊन संत तुकाराम नगरच्या दवाखान्यात गेले. बाकावर शेजारी पांढऱ्या पट्ट्यांची रांगच होती. मुलं एकमेकांना नाव विचारत नाहीत. गाडीत माणसं "कुठलं गाव?" विचारतात तशी ही विचारतात, "कुठली कंपनी, भावा? प्रेस का?" एकाने निखिलचा हात बघून सांगितलं, "अंगठा वाचला ना? मग झालं राव, तुझं चांगलं आहे." निखिल खरंच थोडा खूश झाला. एवढ्यावर खूश व्हायला शिकलेला भाचा बघायला मी चिपळूणहून आले होते.

गौरी तिथून जवळच राहते. निखिलला रिक्षात बसवून मी तिच्याकडे गेले. तिने पोहे केले होते, वर ओलं खोबरं. म्हणाली, "काकू, खोबरं चिंचवडच्या मंडईतलं आहे, नावं ठेवू नका." ठेवली. मग शब्दाचं विचारलं.

गौरीने सांगितलं ते असं. जपानात पटावरचे खेळ आहेत, आपल्या बुद्धिबळासारखे. त्यांत चांगला खेळाडूही कधी नजरचुकीने भलतीच चाल करून बसतो, त्या चालीला म्हणायचं पोका. योके म्हणजे टाळणं. नजरचूक होऊ नये म्हणून यंत्रातच केलेली सोय म्हणजे पोका-योके.

"पण हा मूळचा शब्द नाही," ती म्हणाली. "आधी बाका-योके म्हणायचे. बाका म्हणजे मूर्ख. मूर्खाने हात लावला तरी बिघडू नये अशी सोय. असं सांगतात की एका कारखान्यात ती सोय बसवली, तेव्हा तिथे काम करणारी एक बाई रडायला लागली. म्हणाली, मी काय मूर्ख आहे का? त्यावर साहेबलोकांना वाटलं, खरं आहे. माणूस मूर्ख नसतो, त्याच्या हातून चूक होते. म्हणून त्यांनी शब्द बदलला."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. एका बाईच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून एका देशाने शब्द बदलला. आपल्या भाषेनेही परक्यांकडून काय काय घेतलं. पगार पोर्तुगीजांकडून घेतला, हजेरी आणि हमाल अरबांकडून, शिफ्ट इंग्रजांकडून. पण ते शब्द आले तेव्हा सोबत ती वस्तूही आली. पगार म्हटल्यावर, कमी का होईना, पगार मिळतो. पोका-योके हा माझ्या माहितीतला पहिला शब्द, जो चाकणला एकटाच उतरला. रडणारी बाई आणि ओशाळलेला साहेब दोघेही मागेच राहिले.

मी गौरीला पाचरीचं सांगितलं. कारखान्याचं नाव ऐकून ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यात मी तिथेच आहे. त्यांचा माल घेणाऱ्या कंपनीचे जपानी पाहुणे येणार आहेत. सुरक्षा दिवस आहे."

"मग सांग ना त्यांना!"

"काकू, दुभाष्याला स्वतःचं तोंड नसतं. कुणी बोललं तरच मी बोलू शकते." मग तीच म्हणाली, "पण निखिल बोलला तर एक अक्षर गाळणार नाही. तेवढं नक्की."

खोलीवर परतले तर निखिलला कंपनीतून फोन येऊन गेला होता. सुरक्षा दिवसाला त्याने सगळ्यांसमोर उभं राहून आपला अनुभव सांगायचा. अनुभव म्हणजे, मशिनला पोका-योके होतं, मी घाई केली, चूक माझी, तुम्ही करू नका. एवढं बोलला तर त्याला हलकं काम देऊन कायम करणार. नाही बोलला तर ट्रेनीची मुदत महिनाअखेर संपतेच आहे, कुणी काढायचीही गरज नाही.

"तू खरं सांग," मी म्हटलं. "गौरी असेल तिथे. तुझं बोलणं थेट पाहुण्यांपर्यंत जाईल."

सलीम म्हणाला, "तू बोल, मी मागं उभा ऱ्हातो."

निखिल रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला.

चाकण

सुरक्षा दिवसाला घरच्यांनाही बोलावलं होतं, म्हणून निखिलबरोबर मीही कंपनीच्या बसमध्ये बसले. सलीमची पहिली पाळी, तो आधीच्या बसने गेला होता. मोशी ओलांडली, इंद्रायणी ओलांडली आणि मग ट्रकांच्या रांगेत आमची बस मुंगी झाली. चाकणच्या बाजारातून आलेल्या गाड्यांमधून कांद्याच्या साली उडत होत्या. बसमधली मुलं एकजात झोपलेली, माना एकाच बाजूला कललेल्या.

कारखान्याच्या दारात रांगोळी, आत शेडमध्ये मांडव. रांगोळीत हेल्मेट काढलं होतं, छान जमलं होतं. भिंतीवर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेलं: "पोका-योके : चूकीला जागाच नाही". त्यातला "चू" दीर्घ काढला होता. माझ्या धंद्याचा हात शिवशिवला. पण मराठी ऱ्हस्व-दीर्घापेक्षा मोठी चूक खाली मशिनांवर होती, आणि आज ती पुसलेली होती. ओळीने उभ्या प्रेस, तेल पुसलेल्या, बटणांभोवतीची कडी चकचकीत आणि रिकामी. सलीमने लांबून मला खिशावर हात ठेवून दाखवला. पाचर तिथे होती. त्या दिवशी त्या शेडमधल्या किती खिशांत पाचरी होत्या देव जाणे.

पाहुणे दोघे. त्यांतले वयस्कर गृहस्थ लहानखुरे, चष्मा कपाळावर. त्यांच्या शेजारी गौरी, निळ्या कोटात. तिने मला ओळख दाखवली नाही, ते बरोबरच होतं.

सुरक्षेची शपथ झाली. समोशांचे पुडे वाटले गेले. मग एका अधिकाऱ्याने निखिलला पुढे बोलावलं. पट्टी बांधलेला हात त्याने आधी मागे नेला, मग समोर घेतला. मनातल्या मनात मी म्हणत होते, बोल बाळा, एकदा बोल, मग बघून घेऊ.

"मशिनला पोका-योके होतं," तो म्हणाला. "मी घाई केली. चूक माझी आहे. तुम्ही अशी चूक करू नका."

टाळ्या पडल्या. गौरी हलक्या आवाजात भाषांतर करत होती. ते ऐकून वयस्कर पाहुण्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि काही विचारलं. गौरीने माईक हातात घेतला आणि सावकाश, खणखणीत मराठीत म्हटलं, "पाहुणे विचारतात, दोन्ही बटणं दाबल्याशिवाय हे मशिन खाली येत नाही. तुमचा एक हात आत होता. मग दुसरं बटण कुणी दाबलं?"

शेडमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. शपथ घेताना नव्हती एवढी शांतता.

अधिकारी हसत म्हणाले, "गौरी मॅडम, त्यांना सांगा घाईत झालं."

"सर, मी यांना विचारलंय," गौरी म्हणाली. "हे बोलतील ते सांगते." आणि ती थांबून राहिली. तिच्या हातात होतं तेवढं तिने केलं, तिचा हा उपकार मी विसरणार नाही.

निखिलने मान वळवून सलीमकडे पाहिलं. सलीमचा हात खिशावर होता आणि नजर बुटांवर. मी उभी राहिले होते हे मला नंतर कळलं.

"मीच दाबलं, सर," निखिल म्हणाला. "कोपराने."

गौरीने सांगितलं. पाहुणे काही क्षण त्याच्या हाताकडे बघत राहिले, मग दोन-चार शब्द बोलले. गौरीने माईक तोंडाजवळ नेला, पण तोवर अधिकाऱ्यांनी टाळ्या सुरू केल्या होत्या आणि अख्खी शेड टाळ्या वाजवायला लागली. निखिलला गुलाबाचं फूल दिलं. त्याने ते डाव्या हाताने घेतलं.

चहाच्या टेबलापाशी मी गौरीला गाठलं. "शेवटी काय म्हणाले ते?"

तिने आजूबाजूला पाहिलं. "म्हणाले, कोपर तिथे पोचत नाही."

"म्हणजे त्यांना कळलं?"

"काकू, त्यांची उमर गेलीय प्रेसवर."

"मग?"

"मग काय. चहा घेतला. बिस्किटं आवडली म्हणाले. पुढच्या महिन्यापासून माल जास्त हवाय त्यांना, तेही मीच भाषांतर करून सांगितलं."

जपानातला ओशाळणारा साहेब कुठे हरवला, असा प्रश्न मला पडला होता. हा आमच्यासमोर बसून बिस्किट खात होता. पाहुणा म्हणून आला, पाहुणा म्हणून गेला. बाहेरच्या देशातली माणसं आपल्यापेक्षा भली असतात हा माझा एक जुना समज होता, तोही चाकणला राहिला.

परतीच्या बसमध्ये मी निखिलला बोलले. जे तोंडाला येईल ते बोलले. भित्रा म्हटलं, मंदाच्या कष्टांचा हिशेब काढला. तो खिडकीतून बघत राहिला. मोशी आल्यावर म्हणाला, "खरं सांगितलं असतं तर पहिला प्रश्न काय आला असता, मावशी? पाचर कुणी दिली. साहेबाचं नाव कुणी घेतलं नसतं. सलीमभाईचं घेतलं असतं."

त्याचं बरोबर होतं याचीच मला सगळ्यात जास्त चीड आली.

चिपळूण

निघताना घरमालकीण काकूंनी लसणाची चटणी बांधून दिली. सलीम स्टँडपर्यंत पिशवी घेऊन आला, आणि गाडी सुटेपर्यंत खाली उभा राहिला.

मंदाला मी सांगितलं, निखिल कायम झाला. तिने देवापुढे साखर ठेवली. बाकीचं तिला सांगितलेलं नाही. ती हे साप्ताहिक वाचत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

संपादक रोज विचारतात, पोका-योकेला मराठी प्रतिशब्द काय द्यायचा? चूकरोधक? प्रमादप्रतिबंध? मी म्हटलं, काही देऊ नका. राहू दे परका. आपला म्हणावा असं त्याने इथे काही केलेलं नाही.

परवा निखिलचा फोन आला. नवं काम सुरू झालं आहे, बसून करायचं, त्रास नाही. हुद्द्यातच पोका-योके आहे, छातीवर तशी पट्टीच दिली आहे. रोज सकाळी सगळ्या मशिनांच्या सोयी तपासायच्या. पाहुणे येणार असले की लाईनवर फिरून पाचरी गोळा करायच्या, डब्यात ठेवायच्या, आणि पाहुणे गेले की ज्याची त्याला परत करायची.

त्याला वाटलं रेंज गेली.

"मावशी, ऐकतेस ना? काल लाईनवर नवा ट्रेनी आला, खेडचा आहे, आपल्या कोकणातल्या. सलीमभाई आता कुणाला पाचर करून देत नाही. नाहीच म्हणतो. मग पोरं म्हणाली, निखिल, तू दे." तो जरा हसला. "डाव्या हाताने तासली गं. दोन वाया गेल्या, पण तिसरी जमली. एकदम गुळगुळीत."

"आणि पेढा?" मी विचारलं. दुसरं काय विचारावं ते सुचलं नाही.

"दिला ना," तो म्हणाला. "सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."